ताळेबंद आणि शाकारणी

राजापूर तालुक्यातल्या एका गावात आमचे कौलारू घर आहे, राजापूर शहरातल्या एका पतसंस्थेत माझी लेखापालाची नोकरी आहे आणि मुक्त विद्यापीठाच्या एम. कॉम.ला मी नाव घातलेले आहे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट माणसाने करावी आणि सुखाने जगावे, अशी सृष्टीची एकंदर योजना असावी. दोन करणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती जरा वाळलेली असतात, पण हसतात. तिन्ही करणाऱ्याला मात्र पंचांग, लेखावर्ष आणि परीक्षेचे वेळापत्रक अशा तीन कालगणना एकाच वेळी पाळाव्या लागतात. या तिघींचे आपापसांत बोलणे नाही, अशी पूर्वी माझी समजूत होती. आता त्यांचे संगनमत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मार्चचेच पाहा. लेखावर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून त्या महिन्यात थकबाकीची वसुली, व्याजाची आकारणी आणि तरतुदी यांची झुंबड उडते, आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळेपर्यंत कोणी घराचे नाव काढायचे नाही असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. नेमका त्याच महिन्यात परड्यातला काजू पिकून गळू लागतो आणि बी वेळेवर गोळा केली नाही, तर ती गोळा करणारे इतर अनेकजण, दोन पायांचे आणि चार पायांचे, तयार असतात. गृहपाठ सादर करण्याची मुदतही याच सुमारास डोके वर काढते. तरीही मार्च हा सौम्य महिना म्हणावा लागेल. खरी कसोटी मे आणि जूनमध्ये असते, कारण परीक्षा तेव्हा, चाकरमानी तेव्हा आणि शाकारणीही तेव्हाच.

ज्यांचे आयुष्य स्लॅबखाली गेले, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मंगलोरी कौलांचे छप्पर हे एकदा घालून विसरून जाण्याचे प्रकरण नव्हे. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळूरला ही कौले भाजायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पाऊस असेल, वारा असेल, पण परसातल्या आंब्यावरून छपरावर उडी घेणारा आमचा वानर नसावा. म्हणून दर उन्हाळ्यात कौले उतरवायची, त्यांवरचे शेवाळ खरवडायचे, खाचांत साचलेला पाला काढायचा, फुटकी कौले बाजूला करायची, वाळवीने पोखरलेल्या रिपा बदलायच्या, मग एकेक कौल पुन्हा खाचेत बसवत वर सरकायचे आणि शेवटी आढ्यावरचे कोने बसवून त्यांचे सांधे सिमेंटने बुजवायचे. हे सारे मृग नक्षत्राच्या आत, म्हणजे ७ किंवा ८ जूनपूर्वी, उरकले पाहिजे. कारण त्यानंतरच्या चार महिन्यांत आमच्या जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो विचारून पडत नाही. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात. आमच्या आजोबांनी घर बांधले ते पैशाच्या नव्हे, उमेदीच्या जोरावर. त्यामुळे ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि कशासाठी बांधली हे आता कोणालाच सांगता येत नाही अशी आणखी एक खोली, इतका पसारा कौलांखाली आहे. एकूण कौलांचा हिशेब वाचकांनी करावा. मी तो परीक्षेच्या सरावासाठी म्हणून एकदा केला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

घसारा या प्रकरणाशी माझे सख्य जडले ते त्यामुळेच. स्थिर हप्ता पद्धतीत मालमत्तेची किंमत दरवर्षी सारख्या रकमेने घटते, तर घटत्या शिल्लक पद्धतीत ती उरलेल्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांनी घटत जाते आणि शून्यावर कधीच येत नाही, असे पुस्तक सांगते. आयकराच्या नियमांत राहत्या इमारतीसाठी वर्षाला ५ टक्के दर धरलेला आहे. हा दर ठरवणारे सद्गृहस्थ कौलांखाली राहत नसणार. आमच्या घराचा घसारा वानर पद्धतीने होतो. वर्षातले बहुतेक दिवस काहीही घटत नाही आणि मग एखाद्या सकाळी, वस्तीची एसटी सुटायच्या वेळेला मी पायांत चपला सरकवत असताना, एक संपूर्ण टोळी न्हाणीघरावरून गोठ्यावर आणि गोठ्यावरून पडवीवर स्थलांतर करते. रविवारच्या संमंत्रण सत्रात, म्हणजे अभ्यासकेंद्रातल्या मार्गदर्शनाच्या तासाला, मी या पद्धतीविषयी विचारले, तेव्हा सर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले की हा घसारा नसून आकस्मिक हानी आहे, तिची नोंद स्वतंत्रपणे करावी.

“पण सर, ती दरवर्षी होते.”

“मग ती आकस्मिक नाही,” असे म्हणून सर पुढच्या प्रकरणाकडे वळले.

घर सामाईक आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आमच्या घरापुढे जेवढी नावे आहेत, तेवढी माणसे त्या घरात एकाच वेळी जेवायला बसली तर पंगती उठवाव्या लागतील. त्यांतले घरात राहणारे दोघेच, आई आणि मी. बाकीचे डोंबिवलीपासून बंगळुरूपर्यंत विखुरलेले असून व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र नांदतात. दर एप्रिलमध्ये तिथे कौले ठेवावीत की पत्रे घालावेत यावर गंभीर चर्चा होते. कौलांखालच्या गारव्याला जगात तोड नाही, असे डोंबिवलीचे मोठे काका वातानुकूलित खोलीत बसून ठामपणे सांगतात. धाकटे काका पत्र्यांच्या बाजूचे आहेत, पण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात त्यांना झोप येत नाही, म्हणून ते येतील तेवढ्या दिवसांपुरता काही उपाय निघावा अशी त्यांची सूचना असते. एका चुलतबहिणीने घराचा होमस्टे करण्याचा प्रस्ताव मांडला आहे आणि त्यात पाहुण्यांचे स्वागत कोण करणार या रकान्यात माझे नाव आहे. शेवटी यंदा कौलेच ठेवावीत असे सर्वानुमते ठरते. वर्गणीला मात्र सर्वानुमत लागू नसते. आमच्या पतसंस्थेत थकीत कर्जदाराला नोटीस पाठवता येते, जामीनदाराच्या दारात जाऊन बसता येते. काकांच्या बाबतीत यांतले एकही साधन कामाचे नाही. “अरे, गणपतीला आले की देतील,” असे आई म्हणते. गणपतीला ते येतात, ओटीवर पाट मांडून बसतात, छपरातून थेंबही गळत नाही हे समाधानाने पाहतात आणि मग त्यांना वर्गणीची निकड वाटत नाही.

पण वर्गणी मिळाली तरी शाकारायला माणूस मिळाला पाहिजे. गावात हे काम जाणणारे आता मोजके उरले आहेत आणि मे महिन्यात त्यांना जो भाव येतो, तो त्रिशंकू सभागृहातल्या अपक्षालाच येतो. आमच्याकडे तात्या येतात. मी महाशिवरात्रीपासून त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. “मिरगाच्या आत करून देतो, दादा. तुम्ही बिनघोर अभ्यास करा,” असे ते दरवेळी तितक्याच आपुलकीने सांगतात. मिरग कोणत्या सालचा, हे त्यांच्या बोलण्यात कधीच येत नाही. मग मे महिन्यातल्या एका रविवारी, संमंत्रणाचे शेवटचे आणि म्हणूनच महत्त्वाचे सत्र असताना, सकाळी छपरावर पावले वाजतात. वानर समजून मी काठी घेऊन धावतो, तर वर तात्या असतात आणि पडवीची निम्मी कौले उतरवून झालेली असतात. उघडे छप्पर टाकून कोणत्याही मनुष्याला अभ्यासकेंद्रात जाता येत नाही. शिवाय शाकारणीला खालून कौले देणारा एक गडी लागतो आणि तो गडी एम. कॉम.च्या प्रथम वर्षात आहे, याने तात्यांना काही फरक पडत नाही.

यावर मी माझ्या परीने तोडगा काढला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभे राहून कौल वर देताना परिव्यय लेखांकनाची, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंगची, सूत्रे मोठ्याने म्हणायची. मंगलोरी कौल अडीच किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे सूत्र फार लांब असून चालत नाही. एखाद्या सूत्राशी अडलो की हातही थांबे आणि ते तात्यांना मुळीच परवडणारे नव्हते. दुपारपर्यंत वरून आवाज येऊ लागला, “विक्री वजा बदलता खर्च म्हणजे अंशदान, पुढे चला, दादा, कौल द्या.” ना नफा ना तोटा बिंदू काढायला स्थिर खर्चाला कशाने भागायचे, हे त्यांना माझ्या आधी पाठ झाले. जेवणाच्या वेळी त्यांनी स्वतःचा धंदा त्या सूत्रात घालून पाहिला आणि पुढच्या वर्षीपासून मजुरी वाढवावी लागेल असा निष्कर्ष आईला सांगितला. विद्येचे असे तात्काळ उपयोजन मी आमच्या कार्यालयातही पाहिलेले नाही.

आमच्या तालुक्यात उन्हाळे या गावी राजापूरची प्रसिद्ध गंगा आहे. चौदा कुंडांची ही गंगा साधारण तीन वर्षांनी एकदा अवतरते अशी परंपरा सांगितली जाते, पण अलीकडे ती आपल्या मर्जीने येते आणि मर्जीने जाते. आमच्या घरातली गंगा तिच्याहून वक्तशीर असून ती जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर, शाकारणी कितीही चोख झालेली असली तरी, माजघरात प्रकट होते. तिच्यासाठी टोप, परात, घंगाळ, बादली आणि देवघरातले ताम्हन अशी कुंडे आई झोपेतही योग्य जागी मांडू शकते. आमच्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. आमच्या घरी दोहोंपैकी गंगा आधी पोहोचली, एवढेच नम्रपणे नमूद करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेलेली असते, हे सांगायला नकोच. पुस्तकांविषयीही फार सांगत नाही. वाळवीने नेमके घसाऱ्याचे प्रकरण खाल्ले असे लिहिण्याचा मोह होतो, पण तिने अनुक्रमणिका खाल्ली आणि मुखपृष्ठाची चव तिला आवडली नसावी.

गृहपाठ ऑनलाइन सादर करण्याची सोय सुरू झाल्यापासून मला सड्यावर जावे लागते. आमची वाडी घळीत असल्यामुळे मोबाईलची रेंज वरच्या कातळावरच मिळते आणि तीही एका करवंदीच्या जाळीपाशी. त्यामुळे तिन्हीसांजेला त्या जाळीभोवती गावातली निम्मी खासगी आयुष्ये उभी असतात. एका बाजूला निवृत्त गुरुजी पुण्याच्या मुलाला रक्तदाबाचे आकडे सांगत असतात, दुसऱ्या बाजूला एक आजी विरारच्या सुनेला सांदण्यांच्या पिठाचे प्रमाण ओरडून समजावत असते आणि मध्ये मी फाइल चढण्याची वाट पाहत, फोन आकाशाकडे धरून उभा असतो. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी ढग भरून आले होते आणि एकच छत्री होती. ती मी फोनवर धरली. तेवढ्यात आमचे एक सभासद जवळ सरकले आणि सोनेतारण कर्जावरचे व्याज आज भरले तर किती आणि महिनाअखेरीस भरले तर किती, असे विचारू लागले. मी उद्या कार्यालयात या म्हणालो. “इथे तुम्ही मोकळे दिसलात म्हणून विचारले,” ते म्हणाले. मी तोंडी हिशेब सांगितला, फाइल चढली, पाऊस कोसळला आणि धावत घरी आलो तर आई दारात उभी होती. न्हाणीघराच्या छपरावर नारळ पडला होता.

कार्यालयाला तरी पावसाळ्यात सुट्टी मिळते, असे कोणाला वाटेल. अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येते, बाजारपेठेतले दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवतात आणि आम्ही खतावण्या चढवतो. अशा दिवशी एसटी बंद राहते. हा संपूर्ण मोकळा दिवस व्यवस्थापकीय लेखाशास्त्राला द्यावा, असा संकल्प मी सकाळी करतो. परंतु ज्या पावसाने तालुक्याचे शहर बुडते, तो माझ्या घराला वळसा घालून जात नाही. अशा वेळी शहरातल्या पुराची बातमी मी परातीतले पाणी गडग्यापलीकडे फेकता फेकता रेडिओवर ऐकतो.

निकाल लागला तेव्हा मी उत्तीर्ण होतो आणि सर्वांत जास्त गुण परिव्यय लेखांकनात होते. ही वार्ता माझ्याआधी तात्यांनी गावभर केली, कारण त्या यशात त्यांचा वाटा होता आणि मी तो नाकारलेला नाही. काही दिवसांनी ते स्वतःहून आमच्या ओटीवर आले, ही गोष्ट इतिहासात प्रथमच घडत होती. त्यांच्या मुलीने बी. कॉम. होऊन त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता आणि तिला माझ्या टिपणवह्या हव्या होत्या. मी नम्रपणे यंदाच्या शाकारणीचा विषय काढला. आमच्या पतसंस्थेत घरबांधणीचे कर्ज एकरकमी देत नाहीत. जोत्यापर्यंत काम आले की पहिला हप्ता, भिंती उभ्या राहिल्या की दुसरा, असा नियम आहे आणि तो तात्यांना चांगला ठाऊक आहे, कारण त्यांचे घर त्याच कर्जातून झालेले आहे. त्यामुळे फार बोलावे लागले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडवी परतून झाली आणि मी पहिली वही दिली. माजघर झाल्यावर दुसरी गेली. सध्या देवघरावरचे कोने बसायचे राहिले आहेत, म्हणून अंदाजपत्रकीय नियंत्रणाचे प्रकरण अद्याप माझ्या कपाटात आहे. तात्यांची मुलगी रोज सकाळी वडिलांना आमच्या घराकडे पिटाळते, असे आई सांगते.