चर्च म्हणजे नेमकं कोण? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली, तिचं उत्तर खाली दोन ओळीत देण्यासारखं नव्हतं म्हणून वेगळं लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "तुम्ही म्हणता चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसं. आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिता चर्चने जमिनी गोळा केल्या. हे सोयीचं आहे. कौतुक करायचं तेव्हा चर्च म्हणजे भाविक, भानगड निघाली की ती संस्था, आम्ही नाही. खरं तर चर्च म्हणजे बिल्डिंग, बाकी सगळी धर्मपंडितांची नंतरची कसरत." आणि जाता जाता विचारलंय की कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च ना?

आधी त्या "नंतरची कसरत"वर बोलू, कारण तिथे क्रम पार उलटा झालाय. बायबलच्या नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, एक्लेसिया, तो मुळात धार्मिकसुद्धा नाही. अथेन्समध्ये नागरिकांची सभा भरायची तिला एक्लेसिया म्हणत. त्यातल्याच "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकात १९ व्या अध्यायात इफिस शहरातले चांदीचे कारागीर धंदा बुडतोय म्हणून ख्रिस्ती प्रचारक पौलाविरुद्ध दंगा करतात, आणि नाट्यगृहात जमलेल्या त्या आरडाओरडा करणाऱ्या गर्दीलाही हाच शब्द वापरलाय, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कशासाठी जमलोय हेच माहीत नसतं. मराठी बायबलात म्हणूनच "मंडळी" आहे, कॅथलिक लोक ख्रिस्तसभा म्हणतात. पौल रोमकरांना पत्र लिहितो तेव्हा प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो. घर त्यांचं, मंडळी म्हणजे तिथे जमणारे लोक. बिल्डिंगचा प्रश्नच येत नाही कारण बिल्डिंग नव्हतीच!

बिल्डिंग कधी आली हे बघायचं तर सीरियात युफ्रेटिसच्या काठी दूरा युरोपोस नावाचं गाव होतं तिथलं घर बघा. साधं राहतं घर, तिसऱ्या शतकात, साधारण २४० च्या सुमारास त्याचा मंडळीसाठी वापर सुरू झाला, दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक हॉल केला, एका खोलीत बाप्तिस्म्याची टाकी बांधली आणि भिंतीवर चित्रं काढली, मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू, खाट उचलून निघालेला बरा झालेला पक्षघाती. मग इराणच्या ससानी फौजेच्या भीतीने रोमन सैन्याने तटबंदी भक्कम करायला आतून मातीचा भराव टाकला आणि घर त्याखाली गाडलं गेलं, म्हणून तर ते १९३० च्या दशकात उत्खननात एवढं शाबूत सापडलं. म्हणजे येशूनंतर दोनशे वर्षांनीसुद्धा परिस्थिती ही. खास बांधलेल्या भव्य बॅसिलिका (मोठी प्रार्थनागृहं) वगैरे ३१३ नंतर, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा आश्रय मिळाल्यावरच्या.

पण तुम्हाला बिल्डिंग आधी का आठवते त्यालाही कारण आहे. इंग्रजी "चर्च" हा शब्द एक्लेसियावरून आलेलाच नाही, तो "प्रभूचं" अशा अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक शब्दावरून आलाय, आणि तो शब्द वास्तूसाठी वापरायचे. फ्रेंच एग्लीज आणि स्पॅनिश इग्लेसिया मात्र सरळ एक्लेसियाची पोरं. आणि हा वाद नुसता कोशातला नाहीये. विल्यम टिंडेलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात चर्च न लिहिता "जमलेली मंडळी" अशा अर्थाचा शब्द घातला तर कॅथलिक पंडित थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला, कारण मंडळी म्हटलं की बिशप, पोप, सगळी उतरंड आपोआप बाजूला पडते. पुढे राजा जेम्सने भाषांतर करवून घेतलं, १६११ चं, तेव्हा भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता की चर्च हा जुना शब्द ठेवायचा, बदलायचा नाही. एका शब्दासाठी राजाचा हुकूम!

जमिनींचं म्हणाल तर त्यात मला विसंगती दिसत नाही. शाळा सुटली, शाळेला रंग दिला, शाळेने फी वाढवली, तिन्ही वाक्यात शाळा वेगवेगळी आहे आणि आपण कुणी गोंधळत नाही. खरा गोंधळ पुढे आहे. बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या माणसाला विचारा तर चर्च म्हणजे ही इथली एक स्थानिक मंडळी, पूर्ण स्वतंत्र, तिच्यावर कुणी साहेब नाही. कॅथलिक धर्मशास्त्रात स्थानिक चर्च म्हणजे बिशपच्या हाताखालचा अख्खा धर्मप्रांत. ऑर्थोडॉक्स लोकांत ग्रीसचं चर्च, रशियाचं चर्च असं स्वतंत्र कारभाराचं. आणि क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स तर इमारतीला चर्च म्हणायलाच तयार नव्हता, "शिखरवालं घर" म्हणायचा तुच्छतेने. वर परत रविवारी प्रार्थनेत "एक, पवित्र, कॅथलिक चर्च"वर विश्वास आहे असं प्रोटेस्टंटही म्हणतात, तिथे कॅथलिक म्हणजे सार्वत्रिक, व्हॅटिकन नव्हे. आणि व्हॅटिकनने २००० साली एका दस्तऐवजात प्रोटेस्टंट पंथांना खऱ्या अर्थाने चर्च म्हणता येत नाही असं लिहिलं, का तर त्यांच्याकडे बिशपांची अखंड परंपरा नाही, त्यावर केवढी नाराजी झाली होती.

आता तुमचा खरा मुद्दा, पळवाटेचा. तो मला पटतो, आणि त्याचं उदाहरण तुमच्यापेक्षा चांगलं माझ्याकडे आहे. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेत इतिहासातल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. मोठी गोष्ट होती, पोपने असं करणं सोपं नाही. पण शब्द नीट बघा, पाप केलं ते चर्चच्या "लेकरांनी", चर्चने नाही, कारण श्रद्धेनुसार चर्च पवित्र आहे. श्रद्धावंताला यात काही खटकत नाही, पण ज्याच्यावर अन्याय झाला तो म्हणणार की हुकूम काढताना तर चर्च होतं की राव, मग माफी मागताना लेकरं कुठून आली? मला वाटतं हा प्रश्न रास्त आहे. पण याचा अर्थ "मंडळी" हा अर्थ खोटा ठरतो असं नाही, उलट सत्ताधाऱ्यांना जाब विचारणाऱ्यांनी, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरपासून, तोच अर्थ हातात घेतलाय, की बाबांनो चर्च तुमच्या एकट्याचं नाही. त्यामुळे हा अर्थ सोडून द्या हे मला मान्य नाही. यापुढे कारभाराबद्दल लिहीन तेव्हा व्हॅटिकन, अमुक धर्मप्रांत, अमुक पंथाची महासभा असं नाव घेऊन लिहीन, म्हणजे कुणाला सटकायला जागा नको.

आणि कॅथेड्रल: नाही, आकाराशी संबंध नाही. बिशपची खुर्ची जिथे ठेवलेली असते ते कॅथेड्रल, भले ते छोटं असो. सेंट पीटर्स एवढं प्रचंड आहे पण ते रोमचं कॅथेड्रल नाही, तो मान रोममधल्याच लॅटरनच्या सेंट जॉन बॅसिलिकेचा.