गालावरचे पांढरे डाग आणि जंताची गोळी

जून उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. मुलांच्या गालावर पांढरे डाग म्हणजे पोटात जंत नाहीतर कॅल्शियम कमी, वेळीच पाहिलं नाही तर कोड. दंडावर पुरळ म्हणजे रक्त अशुद्ध. खाज असेल तर मेडिकलमधून तीन-औषधी ट्यूब आणा. यंदा तो माझ्या भाच्याच्या फोटोखालीच आला.

जंत आणि कॅल्शियम. शाळेत देतात ती जंताची गोळी मुलाला जरूर द्या, पण डागांचा जंतांशीही संबंध नाही आणि कॅल्शियमशीही. हा पिटिरियासिस अल्बा, म्हणजे इसबाचाच सौम्य प्रकार. भाच्याला तान्हेपणापासून इसब आहेच. डागाच्या जागी रंगद्रव्य कमी बनतं. मेमध्ये पोरगं उन्हात हुंदडलं, बाकीचा चेहरा रापला, डाग तेवढे उघडे पडले.

कोड. मुलाला खिडकीपाशी उभं करा आणि गाल तिरप्या उजेडात बघा. पिठासारखा बारीक कोंडा दिसतो आणि डाग नेमका कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, कड रेखीव, कोंडा नाही. तरी शंका वाटली तर त्वचारोगतज्ज्ञ वुड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली बघतात. मॉइश्चरायझर लावत राहायचं. डाग जायला महिने लागतात, कधी वर्षही.

रक्त अशुद्ध? दंडावरच्या त्या खरखरीत पुळ्यांत केसाच्या मुळाशी केराटिन, म्हणजे त्वचेतलं कडक प्रथिन, साचलेलं असतं. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा आणि तळहातावर जास्तीच्या रेषा हेही इसबाबरोबर बऱ्याचदा दिसतं. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष खवलेदार त्वचेमागे आणि अनेकांच्या इसबामागे असतो, हे 2006 साली उघड झालं. माझ्या ताईचे दंड तसेच आहेत. लेकाने ते तिच्याकडूनच घेतले. त्याला कडुलिंबाचा रस पाजून काय साधणार, बिचारा तोंड वाकडं करतो तेवढंच.

खरा राग त्या ट्यूबवर आहे. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला बहुतेकदा जहाल स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोक खूश. पण तो नायटा असला तर लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मग डॉक्टरलाही ओळखणं जड जातं. मुलाच्या गालाची कातडी त्याने पातळ होते. 2018 मध्ये स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर मागून बघा, मिळतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र ग्रुपवर टाकली: इसबावर अचानक एकसारखे, दुखरे, पाणीदार फोड उठले आणि ताप आला, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा मलम नको, त्याच दिवशी दवाखाना. त्यावर काकांचा अंगठा आला, आणि खाली पुन्हा तोच मेसेज.