शाळेचे मैदान गावाचे, मग देखभाल एकट्या शाळेची का?

जिल्हा परिषद शाळांच्या मैदानांविषयी एक म्हणणे गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सतत पुढे पाठवले जाते. मैदान सरकारी आहे, शाळा सुटल्यावर ते रिकामेच असते, त्यामुळे गावाने तेथे सामने वा कार्यक्रम घेतले तर शाळेचे काही झिजत नाही; देखभालीसाठी शाळेला अनुदान मिळतेच; आणि गावाकडे खर्चाचा वाटा मागणे म्हणजे गरिबांच्या मुलांना मैदानाबाहेर काढणे होय, असा त्याचा आशय असतो. मैदान गावाला खुले असावे, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यापुढचे जवळजवळ काहीच मान्य नाही.

काही झिजत नाही, हे म्हणणे मैदानाची निगा कधीही न राखलेल्या माणसाचे आहे. साठ मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद अशा मैदानावर एक इंच मुरमाचा थर द्यायचा, तर सुमारे 21 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. त्यानंतर पाणी मारणे आणि रोलर फिरवणे आलेच. हा थर नुसत्या पावसानेच जातो असे नाही. टेनिस बॉलच्या स्पर्धेसाठी ट्रॅक्टर आत येतो, मंडपाच्या खांबांसाठी खड्डे खणले जातात आणि मंडप निघाल्यावर ते तसेच राहतात, मग पहिल्या पावसात त्यांची डबकी होतात. मुले अनेकदा अनवाणी धावतात, म्हणून मागे राहिलेला खिळा किंवा बाटलीची काच ही केवळ अस्वच्छतेची बाब राहत नाही. प्रकाशझोतातल्या सामन्यांची वीज शाळेच्या मीटरवरून घेतली जात असेल, तर ते बिलही शाळेच्याच नावावर येते.

अनुदानाचे आकडे पाहिले, तर दुसरा मुद्दाही टिकत नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान 25,000 रुपये असते आणि त्यातूनच वीज, पाणी, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती व स्वच्छता भागवायची असते. खेळांसाठीचे वेगळे अनुदान प्राथमिक शाळेला 5,000 आणि उच्च प्राथमिक शाळेला 10,000 रुपये, तेही खेळसाहित्यासाठी. त्यात चेंडू, दोऱ्या, रिंगा येतील. मुरूम येणार नाही. गावाच्या वापराने झालेली झीज या पैशांतून भरून काढायची म्हटले, तर ते पैसे मुलांच्या वर्गातूनच काढावे लागतात.

मैदान सरकारी आहे, हे खरेच. पण ग्रामपंचायतही शासनाचाच एक स्तर आहे, हे या मजकुरात सोयीस्करपणे विसरले जाते. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांपैकी शेवटचा विषयच मुळी सामुदायिक मालमत्तेची देखभाल हा आहे, आणि 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी 40 टक्के अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला भाग, पगार व आस्थापना खर्च वगळता, याच विषयांतील स्थानिक गरजांसाठी होता. तेव्हा ग्रामपंचायतीने वाटा उचलणे हे शाळेवर उपकार ठरत नाही. ग्रामसभेत विकास आराखडा ठरताना मैदानाची ओळ त्यात असावी, एवढेच मागणे आहे.

गरीब मुलांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण प्रत्येक वापराला शुल्क लावले तर ती मुले खरोखरच बाहेर राहतील. पण खर्चाची वाटणी म्हणजे सरसकट शुल्क नव्हे. संध्याकाळी खो-खो वा कबड्डी खेळणाऱ्या, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलामुलींकडून एक रुपयाही घेऊ नये. त्या रोजच्या वापराची झीज ग्रामपंचायतीने भरून द्यावी. प्रवेशशुल्क आणि प्रायोजक घेऊन स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने, तसेच लग्नासाठी मैदान घेणाऱ्या कुटुंबाने, अनामत रक्कम आधी ठेवावी आणि मैदान पूर्ववत झाल्यावर ती परत न्यावी. पैसे असणाऱ्याचा कार्यक्रम फुकट आणि त्याने पाडलेले खड्डे गरिबाच्या मुलाच्या वाट्याला, ही आजची रीतच खरी अन्यायाची आहे.

हा हिशेब मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये, कारण गावातल्या मंडळाला नाही म्हणणे बाहेरगावाहून आलेल्या शिक्षकाला फार अवघड जाते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मैदान कोणाला, किती वेळ आणि कोणत्या अटीवर द्यायचे, याचा ठराव त्या समितीने लेखी करावा, आणि सोमवारच्या परिपाठाआधी खड्डे बुजवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात नावानिशी लिहावे.