परदेशातून परतलात? सावरू नका!

अभिनंदन! बॅगा आल्या, तुम्ही आलात, आता मन तेवढं यायचं राहिलंय. त्याला मुळीच घाई करू नका. आल्या आल्या रुळणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. इतकी वर्षं बाहेर राहून ढिम्म फरक पडला नाही, म्हणजे हा नक्की गेला तरी होता का, अशी चर्चा सुरू होते.

सुरुवात जेट लॅगपासून करावी. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एखादा तास सरकून नव्या वेळेला येऊन मिळतं. पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर जरा जास्त कुरकुरतं. म्हणजे अगदी 12 तासांचा फरक धरला तरी दोन आठवड्यांत सबब संपली. एवढ्याने कसं भागायचं? दोन महिन्यांनीही चारचौघांत जांभई द्या आणि सांगा, "तिकडे आत्ता पहाटेचे तीन वाजलेत." कुणी विचारलेलं नसतं, म्हणून तर सांगायचं.

किमतींचं गणितही सोडू नका. तिकडे असताना प्रत्येक वस्तू मायदेशाच्या चलनात मोजून तुम्ही गुपचूप जागेवर ठेवून देत होता. आता इथली वस्तू तिकडच्या चलनात मोजा आणि "अगदीच फुकट!" असं विक्रेत्याच्या तोंडावर म्हणा. त्यानंतर भाव कमी करून घ्यायला बरोबरच्या नातेवाइकाला पुढे करावं. तुमचा पगारही आता इथल्याच चलनात येतो, हे मात्र हिशोबात धरू नका. सगळं गणित बिघडतं.

दोन देशांत रस्त्याची बाजू वेगळी असेल तर वळताना सिग्नलऐवजी वायपर चालू होईल. होऊ द्या. रणरणत्या उन्हात काच पुसत वळणारी गाडी कुणाची, हे सगळ्यांना आपोआप कळतं.

घरचे फारच वैतागले तर शास्त्र पुढे करा. लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला आणि 1955 साली मांडलं, की परक्या देशात माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग सावरतो. आलेख काढला तर इंग्रजी 'यू' दिसतो. 1963 साली गुलाहॉर्न दांपत्याने त्याला शेपूट जोडलं: घरी परतल्यावर हाच खेळ पुन्हा. 'यू'चा झाला 'डब्ल्यू'. पुढच्या संशोधकांनी या सुबक वळणांवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत, पण जेवणाच्या टेबलावर ते कशाला काढायचं? खरी मेख अशी, की पहिल्या खड्ड्यात तुमच्यासारखेच चार परके सोबतीला होते आणि सगळ्यांना तुमची कीव येत होती. दुसऱ्यात तुम्ही एकटे. आपल्याच घरी आलेल्या माणसाला कसलं आलंय दुःख?

आता मुख्य विषय, तुमचे अनुभव. "मग, कसं होतं तिकडे?" असं सगळेच विचारतील. या प्रश्नाच्या उत्तराला लिफ्ट दोन मजले चढेपर्यंतचा वेळ मंजूर असतो. तुम्ही मात्र पहिल्या बर्फापासून सुरू करा. तिसऱ्या वाक्याला समोरचा मोबाइल काढेल. तो नोंदी घेतोय असं समजून फोटोंकडे वळा. फोटो दाखवताना एकही गाळू नका.

उलट प्रश्न मात्र चुकूनही विचारायचा नाही. "तुमचं इथे काय काय झालं?" असं एकदा विचारलंत की आईवडिलांची आजारपणं, मित्राची गेलेली नोकरी, भावाने एकट्याने घातलेल्या दवाखान्याच्या खेपा असं बरंच बाहेर येतं, आणि त्यात तुम्ही कुठेच नसता. त्यापेक्षा तुमचं विमान उडालं त्या क्षणी इथलं सगळं जागच्या जागी थांबलं, हाच समज जपावा. मित्र अशा एखाद्या विनोदावर हसतील, जो तुम्ही नसतानाच्या काळात घडला. अर्थ विचारत बसू नका. जरा उशिराने हसा आणि "तिकडे असं नसतं" म्हणून विषय बदला.

बंद पडलेलं बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा यांच्यासाठी वेगळा सल्ला नाही. तिथे उपरोध चालत नाही, झेरॉक्स लागते.

काही महिन्यांनी ओळखीतलंच दुसरं कुणीतरी परदेशातून कायमचं परत येईल आणि तुमच्यासमोर बसून पहिल्या बर्फापासून सुरू करेल. तुम्ही मोबाइल काढा.