कुठे उतरणार?

सोलापुरात मी कधी मैत्रीण 'केली' नव्हती. मैत्रिणी होत्याच, अंगणात तुळस असते तशा. एक बालवाडीत माझ्या बस्करावर येऊन बसली आणि पुढची छत्तीस वर्षं तिथून उठलीच नाही. दुसरी भिंतीपलीकडे राहायची. तिच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज आला की मी इकडे तवा ठेवायचे. कुणाकडे जावंसं वाटलं तर चप्पल घालायची आणि जायचं. आधी फोन करून "येऊ का?" विचारलं असतं, तर समोरचीला वाटलं असतं की आमच्याकडे कुणीतरी गेलं.

मग माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही डोंबिवलीला आलो.

नवऱ्याला मित्र लागत नाहीत, त्याला क्रिकेट लागतं, आणि ते टीव्हीवर बारा महिने असतं. मुलगा दुसऱ्याच संध्याकाळी खाली गेला, तिथल्या पोरांना "मी पण खेळू का?" म्हणाला आणि रात्री जेवताना अकरा नावं सांगून मोकळा झाला. मी वरणात चमचा फिरवत त्याच्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षांच्या बाईनं कुणाला जाऊन "मी पण खेळू का?" विचारायची सोय नाही.

तरी मी प्रयत्न केले. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर सकाळी गुलाबाची फुलं यायची, दुपारी दुसऱ्याच्या जागेत लावलेल्या गाड्यांचे फोटो यायचे आणि रात्री पहिल्या फोटोवरची भांडणं. योगासनांचा वर्ग लावला. तिथे तासभर सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि शवासनात शेजारच्या चटईवरच्या बाईशी ओळख काढणं बरं दिसत नाही. शेवटी उरली लिफ्टमधली शेजारीण. आम्ही सातव्या मजल्यावर, ती पाचव्या. सकाळी आम्ही एकाच वेळी खाली जायचो. ती आत यायची, दाराकडे तोंड करून उभी राहायची आणि विचारायची, "पाणी आलं का?" मी म्हणायचे, "आलं." किंवा, "नाही आलं." एवढ्यात तळमजला यायचा. वर्षभर आमचं बोलणं या विषयापलीकडे गेलं नाही. तिचं नाव मला माहीत नव्हतं, पण तिच्या टाकीची पातळी रोजची रोज माहीत असायची.

याच सुमारास माझ्या वाचनात कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक आले. त्यांनी २०१८ साली मैत्रीला किती वेळ लागतो याचा हिशेब मांडला, आणि तोही माझ्यासारख्या नुकतंच गाव बदललेल्या माणसांना विचारून. नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर. शिवाय ऑफिसात एकत्र काम करताना गेलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत, असंही त्यांचं म्हणणं. (हे मला कॅन्ससहून कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या ऑफिसात एकत्र काम करूनच माणसं एकमेकांपासून लांब गेली होती.)

मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काम केलेली बाई. लगेच कागद घेतला. २०० तास म्हणजे ७,२०,००० सेकंद. शेजारणीबरोबर लिफ्टमध्ये रोज ४० सेकंद. भागाकार केला तर १८,००० दिवस. म्हणजे एकही रविवार, एकही गावाची फेरी न धरता एकोणपन्नास वर्षं. तेव्हा मी एक्क्याण्णव वर्षांची असेन, आणि आम्ही दोघी एकमेकींना पाण्याखेरीज काहीतरी विचारू शकू. लिफ्ट मध्येच बंद पडली तर काम लवकर होईल, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण आमच्या सोसायटीची लिफ्ट कधी बंद पडत नाही. चांगल्या देखभालीचे असेही तोटे असतात.

पहिली दिवाळी आली. कुणीतरी सांगितलं, डोंबिवलीत नरकचतुर्दशीला पहाटे फडके रोडला जायचं असतं, सगळं गाव तिथे भेटतं. मला वाटलं, चला, सगळं गाव भेटतंय तर त्यातलं एखादं माणूस आपल्याही वाट्याला येईल. अभ्यंगस्नान उरकलं, ठेवणीतलं इरकल नेसले, नथ घातली आणि गेले. गणपतीच्या देवळापासून रस्ताभर नुसती पैठण्या-कुर्त्यांची दाटी. दर चार पावलांवर कुणीतरी "अय्याऽऽ" करून कुणाच्या तरी गळ्यात पडत होतं. शाळेतले शाळेतल्यांना, चाळीतले चाळीतल्यांना, कॉलेजातले कॉलेजातल्यांना. मी नथ सावरत चेहरा भेटण्याजोगा ठेवून उभी होते. एवढ्यात एक मुलगी थेट माझ्याकडेच बघून हसत आली. माझं काळीज हललं.

"काकू, आमचा एक फोटो काढाल?"

काढला. तो बघून शेजारचा घोळका आला. मग त्यांच्या शेजारचा. एकटी, रिकाम्या हातांची, चांगल्या घरातली दिसणारी बाई फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे फार दुर्मीळ असते, हे मला तेव्हा समजलं. सव्वा तासात मी चौदा घोळक्यांचे फोटो काढले. "काकू, थोडं मागे जा ना, सगळे येत नाहीयेत," असं एक म्हणाला म्हणून मागे गेले, तर मागच्या घोळक्याच्या फोटोत शिरले. आजही डोंबिवलीतल्या दोन-तीन कुटुंबांच्या दिवाळीच्या फोटोत एक इरकल नेसलेली अनोळखी बाई पाठमोरी, हात वर करून उभी आहे. घरी आले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "कोण भेटलं?" मी म्हटलं, "सगळे."

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये माझी बदली फोर्टातल्या ऑफिसला झाली आणि मी लोकलच्या तोंडी गेले. सकाळी आठ तेवीसची डोंबिवली लोकल, मधला लेडीज डबा. डोंबिवलीहून सुटणारी गाडी म्हणजे रिकामी येणार, असं मी भाबडेपणानं धरलं होतं. गाडी आली ती भरून. दिवा आणि कोपरला उलट्या गाडीत चढून, 'रिटर्न' येऊन, निम्म्या बायका आधीच खिडकीशी मेथी निवडत बसलेल्या. उरलेल्या जागांवर गाडी थांबायच्या आत पर्सा पडल्या. मी आत पोहोचले तेव्हा मला कांद्याच्या पिशवीशेजारी दोन पायांपुरती जागा मिळाली, त्यातला एक पाय माझा नव्हता.

आणि तेवढ्यात एका हिरव्या ड्रेसवाल्या बाईनं मान वर करून मला विचारलं, "कुठे उतरणार?"

वर्षभरात पाण्याखेरीज मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी भरभरून बोलले. "सीएसएमटीला. तिथून दहा मिनिटं चालत. आम्ही मूळचे सोलापूरचे, गेल्याच वर्षी आलो, मिस्टरांची बदली..." बदलीपर्यंत येईतो तिनं माझ्या मागच्या बाईला विचारून, "ठाणा" हे उत्तर मिळवून, तिला जवळ ओढून घेतलं होतं. शेवटच्या स्टेशनला उतरणाऱ्या बाईकडून पुढे कुणालाच सीट मिळत नाही. लोकलच्या बाजारात तिला भाव शून्य. तिनं तिचा जन्म कुठे झाला, मिस्टर काय करतात, हे स्वतःजवळ ठेवावं.

पण मी हिशेब सोडला नव्हता. गाडी सव्वा तासाला पाच-दहा मिनिटं कमीच घेते. रोजची ६५ मिनिटं धरा. २०० तासांना १८५ दिवस. रविवार, सणवार आणि मेगाब्लॉक वजा जाता आठ-नऊ महिने. एकोणपन्नास वर्षांच्या मानानं हा सौदा चांगला होता. फक्त एक शंका होती, प्रा. हॉल यांनी तिचा विचार केलेला दिसत नाही: बरगडीत समोरचीचं कोपर रुतलेलं असताना गेलेले तास मैत्रीत धरायचे की कसे?

मी एका ग्रुपच्या आसपास उभी राहू लागले. सहा-सात जणी होत्या. कुणाचंही नाव मला माहीत नव्हतं, म्हणून जी जिथे उतरते ते तिचं नाव. ठाणा बोलायची कमी, कारण तिला वेळच नसायचा. मुंब्र्याच्या डोंगराशी तिनं एखादा विषय काढला की तो पूर्ण व्हायच्या आत तिचं स्टेशन यायचं. हिरव्या ड्रेसवाली ती घाटकोपर. ग्रुपची सगळी सत्ता तिच्या हातात. घाटकोपर उतरताना आपली सीट कुणाला देणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असायचं. दादर आजारी पडलेल्या सासूवर रोज एक भाग सांगायची. भायखळा कानात हेडफोन घालून बसायची, पण सासूचा भाग आला की एक कान मोकळा करायची. आणि खिडकीशी बसायच्या त्या मोठ्या काकू. १९९२ साली लेडीज स्पेशल सुरू झाल्या तेव्हापासून या मार्गावर आहेत म्हणे. त्या कुठे उतरतात हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

पन्नास तासांच्या आसपास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, मला पहिल्यांदा चौथी सीट मिळाली. ज्यांनी लोकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: बाक तिघींचा. त्यावर चौघी बसतात. चौथीला जे मिळतं त्याला बसणं म्हणत नाहीत. ते अर्ध्या मांडीवर टेकून बाकीचं अंग पायांवर तोलणं असतं. योगवर्गात मला हे आसन जमलं नसतं. इथे घाटकोपरनं नुसतं "जरा सरक गं" म्हणून सगळ्यांना अर्धा इंच हलवलं, आणि मी ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत त्या अर्ध्या इंचावर सुखानं बसले. पाय बधिर झाले, पण माझी तक्रार नव्हती.

कृतज्ञता म्हणून दुसऱ्या दिवशी सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली. "तिखट आहे का?" दादरनं विचारलं. सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, त्याचं उत्तर तो खरं देऊ शकत नाही. "छे," मी म्हटलं. विक्रोळी मागे पडेपर्यंत दादरच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पलीकडच्या बाईला वाटलं, सासू गेली. तिनं दादरच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून माझं नाव 'चटणी' पडलं. ग्रुपमध्ये स्टेशनवरून नाव न पडलेल्या आम्ही दोघीच: मोठ्या काकू आणि मी.

पण नाव पडलं म्हणजे आत घेतलं असं नव्हे. ते नवरात्रात कळलं. नऊ दिवसांचे नऊ रंग असतात आणि ते सगळ्या मुंबईला पाठ असतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण सोलापूरच्या घरात नवरात्र म्हणजे घट आणि उपास. पहिल्याच दिवशी अख्खा डबा पिवळा धमक आणि मधोमध मी, वांग्याच्या रंगाची. फोटोची वेळ आली. घाटकोपरनं माझ्याकडे पाहिलं. मी न सांगता हात पुढे केला, मोबाइल घेतला आणि फोटो काढला. फडके रोडचा अनुभव होताच.

दुसऱ्या दिवशी हिरवा. माझी हिरवी साडी इस्त्रीला गेलेली. मी राखाडीत चढले आणि मोबाइल घ्यायला आपणहून हात पुढे केला. घाटकोपरनं पर्समधून एक हिरवी ओढणी काढली आणि माझ्या गळ्यात टाकली.

"जादाची ठेवते मी," ती म्हणाली. "दर वर्षी एक तरी बावळट असतेच. ये इकडे, मध्ये उभी राहा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ब्याऐंशी दिवस. नव्वदीला सव्वा तास कमी.

खंडेनवमीला डबा सजवला. कड्यांना झेंडूच्या माळा, दाराला तोरण, देवीचा फोटो सामानाच्या फळीवर, मोटरमनला पेढे. डोंबिवली ते ठाणे आरती. ठाण्याला आरती अर्धी सोडून ठाणा उतरली, तिला सवय होती. मोठ्या काकूंनी मला प्रसाद देताना विचारलं, "राहतेस कुठे गं?" मी पत्ता सांगितला आणि अंगात सोलापूर संचारल्यासारखं बोलून गेले, "या ना सगळ्याजणी. रविवारी. फोनबिन काही करू नका."

त्या आल्या. फोन न करता आल्या, आठ तेवीसला आल्या. नवरा बनियनवर होता.

आमच्या दिवाणखान्यात तिघांचा सोफा, एक दिवाण आणि चार खुर्च्या आहेत. त्या सोफ्यावर चौघी बसल्या. चौथी भायखळा, अर्ध्या मांडीवर. दोन खुर्च्या रिकाम्या असताना दादर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मोठ्या काकू सरळ खिडकीशी गेल्या. पहिली पाच मिनिटं कुणाला काय बोलावं सुचेना. घर हलत नव्हतं, पुढचं स्टेशन येत नव्हतं. मग मी मेथीची जुडी आणून मध्ये ठेवली आणि सगळं सुरळीत झालं. नवऱ्यानं पोह्यांच्या बशा आणल्या तेव्हा त्यालाही कुणीतरी जरा सरकायला सांगितलं. वीसेक मिनिटांनी ठाणा उठून उभी राहिली, पर्स पोटाशी धरून दाराकडे गेली, मग भानावर येऊन परत बसली. बरोबर पासष्टाव्या मिनिटाला कुणीही काही न बोलता सगळ्या उठल्या.

मी खाली सोडायला निघाले. लिफ्टमध्ये आम्ही आठ जणी, दारापर्यंत खच्चून. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर शेजारीण. तिनं आतली गर्दी पाहिली, मला पाहिलं, आणि सवयीनं तोंड उघडलं, पण पाणी विचारायच्या आत घाटकोपरनं तिला विचारलं,

"कुठे उतरणार?"

शेजारीण गडबडली. "अं... खालीच. तळमजला."

"मग दारात काय उभी राहतेस?" घाटकोपर म्हणाली आणि तिचा दंड धरला. "आत सरक."