वही कोणाची?

परवा चुलतभावाची पोरगी घरी आली. दहावीला ७८ टक्के. "आत्या, मी कॉमर्स घेऊ का?" इतक्या दबक्या आवाजात विचारलं, की मला आधी वाटलं काही भानगड झाली.

आमच्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात वाटणी ठरलेली. मार्क पडले तर सायन्स, नाही पडले तर आर्ट्स, आणि कॉमर्स म्हणजे शेठजीच्या पोरांचं. मी घेतलं तेव्हा मोठे बाबा म्हणाले होते, "काहून वं, दुकान टाकाचं हाये का तुले?" दुकान नव्हतं टाकायचं. गणित नको होतं म्हणून घेतलं. कारण चुकीचं होतं, त्यावर येतेच.

अकरावीत पुस्तपालनाच्या, म्हणजे हिशोबाच्या वह्या लिहायच्या विषयाच्या, सरांनी पहिल्याच आठवड्यात घरचं पासबुक आणायला लावलं. नियम शिकवून झाला होता: घेणारा नावे, देणारा जमा. (नावे म्हणजे त्याच्याकडून आपलं येणं, जमा म्हणजे त्याला आपलं देणं.) आपण बँकेत पैसे भरले तर बँक घेणारी, म्हणजे बँक नावे. पासबुकात मात्र 'जमा' छापलेलं! अख्खा वर्ग गोंधळला. सर म्हणाले, पासबुक तुमची वही नाहीच, ते बँकेच्या वहीतलं तुमचं पान आहे. तिथे देणारे तुम्ही, म्हणून जमा.

घरी येताना यष्टीत हेच डोक्यात. आमची वही कुठे आहे? बी-खताची उधारी कृषी केंद्राच्या वहीत, पीककर्ज सोसायटीच्या वहीत, कापसाचं वजन आणि त्यातली घट व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर. बाबांकडे नुसती आठवण. मार्च आला की नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलायचं, की झालं वर्ष.

मग दोनशे पानी वही आणली आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, लिहायला लागले. हंगामाच्या शेवटी दुकानदाराशी मेळ बसेना. दोन पोती खत त्याच्याकडे दोनदा चढलं होतं. दाखवल्यावर त्यानं मुकाट खोडलं. (फवाऱ्याच्या औषधाची एक बाटली मात्र माझ्याकडूनच सुटली होती, त्याच्याकडे बरोबर होती. तेही सांगायला पाहिजे.)

खरी मजा कापसाच्या खर्चाला आली. बाबांच्या तोंडी हिशोबात कापूस 'पुरला' होता. मी आईचे निंदण-वेचणीचे दिवस मोजून मजुरी धरली, पंपाचा घसारा, म्हणजे वापरानं दरवर्षी घटणारी किंमत, धरला, आणि कापूस पुरेना. बाबा म्हणाले, "तिची कायची मजुरी? थे तं घरचीच हाये." चुलीपुढून आई: "मंग उद्यापासून दुसऱ्याच्या वावरात जातो."

हे भांडण दिल्लीपर्यंत आहे बरं का. हमीभाव सुचवणाऱ्या कृषी मूल्य आयोगाच्या हिशोबात ए२ म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च, एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी, आणि सी२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं. सरकार हमीभाव दीडपट धरतं तो ए२ अधिक एफएलच्या, शेतकरी संघटना मागतात तो सी२च्या. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला, तो पहिल्या पद्धतीनं. चौकात 'दीडपट, दीडपट' सगळेच ओरडतात. कशाच्या दीडपट, हे विचारणारा एखादाच.

राग एवढाच, की आमच्या वर्गात सोडवलेल्या गणितांत फर्निचर होतं, यंत्रं होती, भांडणारे भागीदार होते, तुरीचं एक पोतं नव्हतं. बारावीत नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांची खाती शिकलो, पण गावातल्या बचत गटाची वही एकदाही वर्गात आली नाही. ती आली असती तर हातातली रोख आणि थकलेलं येणं यातला फरक दहा मिनिटांत कळला असता.

आता गणिताचं. पुस्तपालनाला बेरीज-वजाबाकी, टक्के आणि गुणोत्तर पुरतं, हे खरं. पण सीए व्हायचं मनात आलं, तर फाउंडेशनच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या, चारपैकी एक पेपर गणित, सांख्यिकी आणि तर्काचा आहे. मी तिथेच अडकले. कॉमर्सला गणित घेता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मराठीतून शिकलात तर नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट, हे अकरावीपासूनच सोबत घोका. पहिल्या नोकरीत टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसले तेव्हा आठवडाभर मनात भाषांतर करत होते. आज एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब बघते, तरी घाईत असले की अजून तेच होतं.

पोरीला म्हटलं, घे कॉमर्स, पण गणितासकट घे. फॉर्म भरायला रविवारी येते आहे. येताना बापाचं पासबुक आण म्हणून सांगितलंय.