लायसन्स पोराचं, परीक्षा नेट कॅफेवाल्याची

पोलीस भरतीची जाहिरात सुटली की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पोरांना लायसन्स आठवतं. चालक पदाला हलक्या वाहनाचा परवाना लागतो, आणि लर्निंग निघाल्यावर 30 दिवस गेल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. मग फोन सुरू. "मामा, आरटीओत कोणी वळखीचं आहे का?" हाच भाचा नववीपासून बापाची मोटरसायकल पळवायलाय, उसानं भरलेली ट्रॉली सरळ रेषेत मागं घेतो. गाडी येते, कागद नाही. आणि कागद काढायचा म्हणजे एजंट, हे तर ठरूनच गेलंय.

एजंटनं पैसे घेण्यावर माझी हरकत नाही. ज्याला फॉर्म जमत नाही त्यानं भरून घ्यावा, चार पैसे द्यावेत. मला राग येतो तो परीक्षेचा. 2021 पासून महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा आधारवर घरबसल्या देता येते. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घ्यायचा, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा आणि 15 प्रश्न सोडवायचे. 9 बरोबर आले की पास. मराठीतच सोडवता येतात. इतकी सोपी सोय, आणि आपण तिचं काय केलं? नेट कॅफेवालाच विचारतो, "टेस्ट मीच मारू का?" पोरगं बाजूच्या खुर्चीत रील बघत बसतं. बाप पैसे देतो. दहा मिनिटांत लर्निंगची प्रिंट हातात. या हिशोबानं तालुक्यातला सगळ्यात हुशार ड्रायव्हर तो कॅफेवाला असायला पाहिजे. इतक्या वेळा पास झालाय.

प्रश्न तरी काय असतात? अरुंद पुलाची खूण कोणती, मागून ॲम्ब्युलन्स आली तर काय करायचं, रात्री समोरून गाडी येत असेल तर लाइट डिप्पर करायचा की अप्पर. साखर कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात, समोरचा अप्पर मारत येतो, आणि मोटरसायकलवाल्याला पुढचं काहीच दिसत नाही. तो एक प्रश्न स्वतः वाचून सोडवला असता तर निदान एकानं तरी बटण खाली केलं असतं.

खर्चाचं सांगतो, कारण एजंटचा आकडा ऐकून लोकांना वाटतं सरकारच एवढे घेतं. लर्निंगला गाडीच्या प्रत्येक प्रकारामागं 150 आणि परीक्षेचे 50. पक्क्याला प्रत्येक प्रकाराच्या टेस्टचे 300 आणि लायसन्सचे 200. वर किरकोळ चार्जेस. मोटरसायकल आणि कार दोन्ही एकदम काढलं तरी सगळं मिळून बाराशेच्या आसपास. नापास झालात तर 7 दिवसांनी परत टेस्ट. त्यात लाज कसली?

खरी अडचण वेगळीच असते, जन्मतारखेची. आपल्याकडं निम्म्या लोकांचा जन्म गुरुजींनी 1 जूनला लावलाय, आणि आधारवर भलतीच तारीख पडलीय. टीसी आणि आधार जुळवून घ्या, आधारला मोबाईल नंबर जोडून घ्या, मगच अर्ज करा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं.

आता "आमच्या पोराला सोळाव्या वर्षीच काढून दिलं" म्हणणाऱ्यांसाठी. ते फक्त बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं असतं. दारात उभी असलेली तुमची स्कुटी 110 किंवा 125 सीसीची आहे. ती त्यात बसत नाही. अल्पवयीन पोरगं सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे, वर पोराला 25 वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे ज्या भरतीसाठी पहाटे मैदानावर पळायलाय, तिचं चालक पद तिथंच गेलं.

आणि एक गोष्ट, जी बांधावर कोणी बोलत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी अपघातात गेला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. पण वाहन तो स्वतः चालवत असेल तर वैध परवाना जोडावा लागतो. सातबारा आहे, पंचनामा आहे, पोस्टमॉर्टम रिपोर्ट आहे, आणि लायसन्स नाही म्हणून प्रस्ताव अडकलाय, अशी फाईल घेऊन फिरणारी बाई पाहिली की बाराशे रुपये किती स्वस्त होते ते कळतं. ट्रॅक्टरलाही लायसन्स लागतं बरं का. "शेतातच तर चालवतो" म्हणता, पण कारखान्याला जाताना रस्ता सरकारचाच असतो.

घरातल्या बायकांचंही काढा. सून रोज स्कुटीवर शाळेत शिकवायला जाते आणि लायसन्स फक्त दिराचं, अशी घरं माझ्याच गल्लीत आहेत.

टेस्टला जिल्ह्याला जायचं नसेल तर तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो, त्याची तारीख बघून अपॉइंटमेंट घ्या. गाडी आपलीच न्यायची. आरसी, विमा, पीयूसी चालू पाहिजे, डोक्यात हेल्मेट पाहिजे. मोटरसायकलवर आठ काढायला लावतात. ज्यांनी आयुष्यभर सरळ रोडवर ऐंशीनं पळवली, त्यांचे पाय इथं पटकन टेकतात. गाडी हळू चालवणं हीच खरी कला. संध्याकाळी खळ्यावर दोन विटा ठेवून सराव करा.

लर्निंग 6 महिने चालतं, तेवढ्यात पक्कं काढा. कार्ड स्पीड पोस्टानं घरी येतं. ऊसतोडीला जाणार असाल आणि घराला कुलूप असेल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाकीट परत आरटीओत जातं. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवा, ते मूळ कार्डाइतकंच चालतं. पोलिसांनी नाही म्हटलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 139 सांगा.